चौकोनातलं गवत

मला गवत ओळखता येतं. तुरा नसला, नुसती वाळकी काडी हातात दिली तरी पवना कुठला आणि मारवेल कुठला हे मी सांगते. या गोष्टीचा मला एके काळी फार गर्व होता. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर साताऱ्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि पस्तिशी जवळ आल्यावर, लोक ज्याला भलतं धाडस म्हणतात ते केलं, म्हणजे पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक पहिल्याच भेटीत म्हणाले, "गवतांच्या याद्या आता कुणी वाचत नाही. मॉडेल लागतं." मी मान हलवली. मॉडेल म्हणजे नक्की काय, हे विचारायची लाज वाटली.

विषय ठरला माण तालुक्यातला एक माळ. खडकाळ, उघडा, पावसाच्या नावानं बोंब. शेजारच्या वस्तीतली मेंढरं तिथं पूर्वीपासून चरत आलेली. सरकारला तो माळ तारेचं कुंपण घालून पाच वर्षं बंद करायचा होता, कारण मेंढरांनी गवत संपवलं असं कार्यालयातल्या साहेबांचं म्हणणं. वस्तीचं म्हणणं नेमकं उलट, की मेंढरू फिरलं नाही तर माळच मरतो. मार्गदर्शकांची साहेबांशी ओळख होती. "तुमच्या विद्यार्थिनीचा अहवाल येऊ द्या, तोवर थांबतो," असं साहेब म्हणाले. म्हणजे एका अख्ख्या वस्तीची मेंढरं माझ्या गणितावर येऊन उभी राहिली, आणि माझं गणित सरासरीच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

माळावर मी दहा मीटर लांबीरुंदीचे चोवीस चौकोन आखले. बारा चौकोनांना तारेचं कुंपण, आत मेंढरू जाणार नाही. बारा उघडे, चार कोपऱ्यांना नुसत्या खुंट्या. दोन पावसाळे गवत वाढू द्यायचं, पावसाळा सरला की दोन्हीकडचं कापायचं, वाळवायचं, वजन करायचं, आणि मग संगणकाला विचारायचं की मेंढरांमुळे काय फरक पडला. कागदावर हे सगळं इतकं सोपं दिसत होतं की मी त्या दिवशी आनंदानं दोन भेळी खाल्ल्या.

खुंट्या ठोकायला मला एका मेंढपाळानं मदत केली. साठीच्या पुढचा माणूस, शंभराच्या आतबाहेर मेंढरं. वस्तीतले बाकीचे दिवाळीनंतर कळप घेऊन खाली कृष्णाकाठी, उसाच्या मुलखात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. याचे गुडघे गेलेले, म्हणून तो वर्षभर माळावरच असायचा. मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा बोलायचे कमी. चौकोन बघून एवढंच म्हणाले, "आवं ताई, एवढ्याशा जागंत काय दिसायचं तुमाला?" मी त्यांना नमुना म्हणजे काय ते समजावलं. भात शिजला का बघायला एक शीत दाबतो, तसं. मामी म्हणाल्या, "आमी दोन दाबतो." मी तेव्हा हसले. पुढं आकडेवारी शिकताना मला त्या बाईची आठवण वरचेवर यायची, कारण सगळं शास्त्र किती शितं दाबायची याच भानगडीत अडकलेलं निघालं.

आम्ही सांगलीकडचे जैन. वडिलांची हळद आणि ऊस. घरातलं सूर्यास्ताच्या आत जेवायचं वळण मी बाहेर राहूनही सोडलेलं नाही. मामींना हे एकदा सांगितलं, तर त्यानंतर मी मुक्कामी असले की त्या सूर्य कलायच्या आत चूल पेटवायच्या आणि मला हाका मारमारून जेवायला बोलवायच्या. मी गवताच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत बसलेली असायची. "दिस चालला की वं ताई," असं त्या दारातून ओरडायच्या.

आता शिकण्याचं सांगते. साताऱ्यात मी ज्या घरात भाड्यानं राहायचे, त्याचे मालक तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या ओसरीवर माझा लॅपटॉप, चार्जर आणि अश्रू असा संसार. मॉडेलला लागणारी संगणकाची भाषा मी इंटरनेटवरचे धडे बघून शिकले. शिकले म्हणजे काय, समोरच्यानं लिहिलेलं तसंच्या तसं टाइप करायचे आणि माझ्या पडद्यावर तांबड्या अक्षरात चूक उमटायची. कधी स्वल्पविराम राहिलेला, कधी कंस. तो सुटला की पुढची चूक. एका आकड्याच्या रकान्यात मी गवताचं नाव घातलं होतं हे शोधायला मला नऊ दिवस लागले. ज्या पोरांना मी कॉलेजात शिकवायचे, त्यांच्यातला सगळ्यात ढ पोरगासुद्धा माझ्यापेक्षा बरा होता, आणि मी त्याला वर्षभर बोल बोल बोलले होते.

मार्गदर्शकांना दोन तऱ्हेची मॉडेलं हवी होती. एक आकडेवारीचं. त्यात गवत का वाढलं याच्याशी देणंघेणं नाही, फक्त उघड्या आणि बंद चौकोनांच्या वजनांत फरक आहे का, आणि असला तर तो केवळ योगायोगानं आलेला असू शकेल का, एवढं बघायचं. दुसरं प्रक्रियेचं. त्यात गवत कसं वाढतं हे आपणच रोजच्या रोज मांडायचं. जमीन म्हणजे एक बादली धरायची. पावसानं ती भरते, ऊन तिच्यातलं पिऊन टाकतं, उरलेल्या ओलीवर गवत वाढतं, मेंढरू त्यातलं काही खातं. प्रत्येक पायरीला एक समीकरण. बादली केवढी धरायची इथूनच माझी रड सुरू झाली.

सुभेदार काका हे सगळं झोपाळ्यावरून ऐकायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, आमचं बी ह्येच हुतं की. वारा किती, दारूगोळा गरम का थंड, नळी किती उचलली, हे समदं तक्त्यात घालायचं आन् गोळा कुठं पडंल ते आधी काढायचं. ही एक तऱ्हा. दुसरी म्हंजी मारून बघायचा. लांब पडला तर जवळ घ्या, जवळ पडला तर लांब." मी विचारलं, दोन्हींचं पटलं नाही तर? काकांनी झोपाळा थांबवला. "मग पुढं माणूस पाठवायचा. तिथं काय हाय ते डोळ्यानं बघून यायला." मला तेव्हा हे ऐकायला छान वाटलं आणि मी ते विसरून गेले.

पहिल्या पावसाळ्यानंतरचं गवत कापलं. उघड्यात आणि बंदमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. मार्गदर्शक म्हणाले, एका वर्षावर काही बोलायचं नाही. त्याच हिवाळ्यात मामींच्या डोळ्यांवर पडदा आला. मामांना साताऱ्यातलं काही ठाऊक नाही, मेंढरं सोडून राहता येत नाही. म्हणून मामींना मी माझ्या खोलीवर आणलं, ऑपरेशन करवलं, चार दिवस डोळ्यात थेंब घातले आणि परत नेऊन सोडलं. यात काही विशेष केलं असं मला आजही वाटत नाही. मामांनी पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. ते पैसे परत मुंडाशात खोचून उठून गेले.

दुसरा पावसाळा झाला, गवत कापलं, वजनं भरली. उघड्या चौकोनांत गवत जास्त होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं डोळ्यात भरण्याइतकं. आकडेवारीच्या मॉडेलनं सांगितलं की एवढा फरक योगायोगानं येणं फार कठीण आहे. मी खुर्चीतून उठून काकांना मिठीच मारायची राहिले. वस्तीचं म्हणणं खरं निघालं होतं, आणि ते मी, कंस विसरणाऱ्या बाईनं, सिद्ध केलं होतं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं दहिवडी गाठली आणि वस्तीवर जाऊन मामांना सांगून टाकलं की मेंढरांमुळे गवत वाढतंय, माळ बंद व्हायचा नाही. मामांनी नुसतं "बरं झालं" म्हटलं, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वस्तीला सांगून आले होते. कुणीतरी मला नारळ दिला. हा नारळ मी घ्यायला नको होता.

कारण प्रक्रियेचं मॉडेल मानायलाच तयार नव्हतं. बादली लहान केली, मोठी केली. मेंढरांची भूक कमी केली. पावसाचे आकडे तपासले. काहीही केलं तरी त्याचं एकच म्हणणं, की इतक्या पावसात, इतक्या पातळ मातीत, मेंढरं चरलेल्या जागी एवढं गवत येऊच शकत नाही. मला वाटलं, माझंच चुकतंय. चार महिने मी समीकरणं उसवत आणि परत शिवत बसले. जेवण जाईना. मार्गदर्शकांना मेल पाठवला की उत्तर यायचं, "पुन्हा तपासून बघा." काय तपासू, हे कुणी सांगत नव्हतं. अहवालाची मुदत जवळ येत होती आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. शेवटी काकाच एकदा वैतागून म्हणाले, "दोन तोफा दोनीकडं मारत्यात, आन् तुमी चार म्हैनं तोफच पुसताय. गेलाय का कुणी पुढं बघायला?"

मी गेले. चौकोनात उकिडवी बसून माती हातात घेतली. उघड्या चौकोनातली माती काळसर, भुसभुशीत. खुंट्यांच्या चार पावलं पलीकडे तशी नव्हती. गवताची जात ओळखण्यात हुशार असलेल्या मला गवत कापतानाही ही माती दिसली नव्हती. मी मामांना हाक मारून विचारलं, मामा, इथं काही टाकलंय का?

मामा खूश झाले. इतके दिवस त्यांनी ती गोष्ट पोटात ठेवली होती आणि मी ती आपणहून ओळखली, असं त्यांना वाटलं. "टाकलं न्हाई. बसवली," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात. तुमच्या चौकोनांत मेंढरं बसवली. तारंच्या आत जाता येईना, न्हाईतर तिथं बी बसवली असती."

मेंढरं बसवणं म्हणजे कळप रात्रभर एखाद्या रानात बसवून ठेवणं. लेंड्या आणि मुतानं रान असं खतावतं की पुढच्या पिकाला दुसरं काही घालावं लागत नाही. माणमधला शेतकरी त्यासाठी मेंढपाळाची मनधरणी करतो, रात्रीमागे ज्वारी देतो, आधी माझ्या रानात बसव म्हणून भांडतो. मामांजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. मामींच्या डोळ्यांची भरपाई म्हणून गावच्या शेतकऱ्यांना नकार देऊन त्यांनी माझ्या खडकाळ चौकोनांत रात्री घालवल्या होत्या, गुडघे दुखत असताना, एकेका चौकोनात कळप दाटीवाटीनं बसवून. माझं ते रान आहे, आणि रान असलेल्या माणसाला गवत चांगलं यायला हवं असतं, एवढाच त्यांचा विचार होता. तो चुकीचा आहे हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. नमुना म्हणजे काय ते सांगितलं होतं, पण त्याला कुणी माया लावायची नसते हे सांगायचं राहून गेलं.

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. वही काढून विचारलं, कुठल्या चौकोनांत बसवली? किती रात्री? तेवढं कळलं असतं तर खत मिळालेले चौकोन वेगळे काढून उरलेल्यांवर काही बोलता आलं असतं. मामा आठवायला लागले. "वरच्या अंगाच्या समद्यांत. सात का आठ राती." मामी आतून म्हणाल्या, "आवं पाचच. मग पावनं आलं न्हाई का." मामा म्हणाले, "पावन्यांच्या आधीच झाल्यात्या." बाराच्या बारा चौकोनांपाशी मी दोघांना नेलं. त्या दोघांचं तीन चौकोनांवर एकमत झालं, आणि त्यातल्याही एकाबद्दल मामी परतताना म्हणाल्या, "ह्यो नसंल बगा."

साताऱ्याला परत आले. आता खरं सांगायचं तर मोह झाला. मामा, मामी आणि मी सोडलं तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आधीचा निकाल तसाच पाठवला असता तर माळ वाचला असता, साहेबांचं तोंड बंद झालं असतं, मलाही पदवी मिळाली असती. प्रक्रियेच्या मॉडेलचा विषयच काढायचा नाही, इतकं सोपं होतं. मी तो अहवाल लिहूनसुद्धा ठेवला. दोन दिवस तो उघडायचे आणि मिटायचे. तिसऱ्या दिवशी पुसून टाकला. हे मी प्रामाणिक आहे म्हणून केलं असं म्हणवत नाही. मला पकडले जाण्याची भीती वाटली असेल. आजही कधी कधी वाटतं, की पाठवायला हवा होता.

मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दुसरं वर्ष टाकून द्या." उरलं पहिलं वर्ष. त्या आकड्यांवर मॉडेलनं एक अंदाज दिला आणि त्याची दोन टोकं दिली. एक टोक सांगत होतं मेंढरांमुळे गवत वाढतं, दुसरं सांगत होतं घटतं. म्हणजे सांगता येत नाही. मी अहवालात तेच लिहिलं, आणखी दोन पावसाळे मिळावेत अशी विनंतीही केली. साहेबांसमोर उभी राहून मी पुन्हा समजावलं, की सांगता येत नाही याचा अर्थ मेंढरं वाईट असा होत नाही. साहेबांनी शेवटचं पान वाचलं. ते दुष्ट नव्हते. चहा मागवला त्यांनी. म्हणाले, "म्हणजे मेंढरांचा फायदा सिद्ध झाला नाही. मग आम्ही आमच्या पद्धतीनं जातो." मी "सर, पण" एवढं म्हणाले.

दिवाळीआधी माळाला तार लागली. मी मामांना भेटायला गेले तेव्हा ते घोंगडीवर बसून काठीला टोक करत होते. माळ गेल्यावर बारमाही इथं राहणं शक्य नव्हतं. बाकीच्यांबरोबर त्यांनाही आता खाली उतरावं लागणार होतं, इतक्या वर्षांनी, त्या गुडघ्यांनी. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "ताई, आमी मेंढरं बसवली म्हणून झालं का हे?"

बसवली नसती तर काय झालं असतं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. कदाचित निकाल मेंढरांच्या बाजूनं लागला असता, कदाचित विरुद्ध. पण त्या माणसाला हे कसं सांगायचं. मी म्हणाले, "नाही मामा. त्याचा काही संबंध नाही." मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काठी तासायला घेतली. मामी म्हणाल्या, "बघा, मी म्हनत न्हवते?" मामा मग दुसरंच बोलायला लागले. वाटेत पाणी कुठं कुठं लागतं, ऊस कुणीकडचा आधी तुटतो, तुमच्या वडलांचं गाव नदीच्या अलीकडं का पलीकडं. मी सांगितलं. निघताना पाया पडले, तर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नगा."

दीडेक महिन्यानं वडिलांचा फोन आला. मेंढरं घेऊन एक मामा आलेत, तुझं नाव सांगत होते. ऊस तुटलेल्या रानात पाच रात्री बसवली, ज्वारी दिली तर घेईनात, पैसे काढले तर हात जोडले. माणूस सोन्यासारखा आहे, पण पाय फार सुजलेत गं. डॉक्टरकडं चला म्हटलं तर नको म्हणाले, कळप पुढं गेलाय म्हणाले आणि आज सकाळी निघाले.

वडील पुढं म्हणाले, "आणि हे बघ, जाताना मला बसवून घेतलं आणि एक कागद लिहायला लावला. दोनदा वाचून घेतला माझ्याकडनं. म्हणाले, ताईला द्या, तिला लागतंय."

"काय लिहिलंय?"

"काय नाही गं. वरचं रान, उत्तरेचा कोपरा, दोन रात्री. विहिरीजवळ एक. आंब्याच्या अंगाला दोन. मेंढरं किती ते. कुठवर बसली होती त्याची पावलंपण मोजून सांगितलीत."

मी रडत होते ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून फोन जरा लांब धरला. मग वही ओढली आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून वाचा. सावकाश."